भुजंग काही तरंगेना

१२ एप्रिल २०००, लातूर

ही डायरी मला जिलानीभाईंच्या पंक्चरच्या दुकानात सापडली. कुठल्यातरी खत कंपनीची, १९९७ सालची, टायरांच्या ढिगाखाली पडलेली. तारखा चालतात, वार जुळत नाहीत. जुळवत बसणार नाही, मला वारांचं कधी काम पडलेलं नाही.

जिलानीभाई माझे मेहुणे, माझी मोठी बहीण सालेहाआपा हिचे मालक. परवा मी इथं येऊन दार वाजवलं तर आपानं आधी माझ्या पिशवीकडं बघितलं आणि मग माझ्याकडं. म्हणाली, "अक्रम, इस बार क्या छोड़ के आया?"

मी म्हटलं, नांदेडची रसवंती. खरं तर मी सोडली नाही. मालकानं उसाची मोळी आणायला पाठवलं होतं. वाटेत गोदावरीच्या घाटावर माणसं दोरीला लोहचुंबक बांधून पाण्यातली नाणी काढत होती, ती बघत बसलो. संध्याकाळी मोळी घेऊन गेलो तर चरकावर दुसराच माणूस. त्याच्याआधी हदगावला जिनिंगमध्ये होतो, त्याच्याआधी लोह्याला. देगलूरला नववी सोडल्यापासून मी जे धरलं ते सुटलं, असं आपा म्हणते. माझं म्हणणं असं की मी जरा हलका आहे, वारं येईल तिकडं जातो.

लातूर लई बदललं. गल्लीतल्या प्रत्येक घरावर एक खोली चढली आहे आणि खोलीत बारावीची पोरं. रस्त्यानं चालताना त्यांचे ओठ हलत असतात, मला वाटलं तस्बीह मोजताहेत, तर सूत्रं पाठ करत होती. भिंतींवर सगळे क्लासचे बोर्ड. हमखास यश, शंभर टक्के निकाल, रिपीटर बॅच. अक्षर सुधारायचासुद्धा क्लास आहे. दुपारभर बोर्ड वाचत फिरलो. सगळं शिकवतात, फक्त पोहायला कुणी शिकवत नाही.

आणि कुणी न शिकवता मला येते अशी जगात एकच गोष्ट आहे, पाण्यावर पडून राहणं. देगलूरला लेंडीच्या डोहात मी हात डोक्याखाली घेऊन उताणा झोपायचो. अब्बांना दोनदा कुणीतरी सांगायला गेलं होतं की तुमचं पोरगं गेलं.

१६ एप्रिल

विहीर मिळाली. एक माणूस सायकलला मागं मोठा आरसा बांधून चालला होता, आरशात सगळा रस्ता उलटा पळत होता, म्हणून मी त्याच्या मागं गेलो. औसा रोडला, शहर संपून तुरीची धसकटं सुरू होतात तिथं तो वळला. मी वळायचं विसरलो. समोर विहीर.

दगडी बांधणीची, आत पायऱ्या, आणि एप्रिल महिन्यात निम्म्यावर हिरवंगार पाणी. वाकून बघत होतो तर मागून आवाज आला.

"उडी टाकायची आसंल तर दुसरीकडं टाक बाबा. माझ्या पान्याला वास येतो."

ही नागुबाई. केस पांढरे, लुगडं गुडघ्याच्या वर खोचलेलं, हातात विळा. एकटीच राहते. खोपीत बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली मेथीच्या जुड्या. मी माझा विचार सांगितला. तिला वाटलं डोकं फिरलं आहे.

"पवायचा किलास? लेकरं आपसूक शिकत्यात की!"

मी म्हटलं, ही शहराकडची लेकरं आहेत, मावशी. क्लास लावल्याशिवाय यांना तहान लागत नाही.

ती हसली तेव्हा कळलं की काम झालं. म्हणाली, "कुनाची बी लेकरं आन. माझी सासू दुसऱ्याच्या हिरीवर घागर घिऊन हुबी ऱ्हायची, कुनी वरनं वतलं तर पानी. ह्या हिरीवर मी कुनाला जात इचारत न्हाई. पर नाडा बांधल्याबिगर एक बी पोरगं पान्यात गेलं तर तंगडं मोडीन. त्याचं न्हाई, तुझं."

नाडा म्हणजे पूर्वीच्या मोटेचा जाड दोर, तिनं जपून ठेवला आहे. माळ्यावरून वाळलेले भोपळेही काढून दिले. तिचा नवरा त्यांनाच धरून पोहायला शिकला होता.

विहिरीला एवढं पाणी कसं, विचारलं. हे पाणी भूकंपाचं, म्हणाली. त्र्याण्णव साली जमीन हलली त्या रात्री हिचा आटलेला झरा फुटला. "तिकडं लोकांचं समदं गेलं आन मला पानी आलं. लई वरसं मला ते गोड लागलं न्हाई."

२१ एप्रिल

बोर्ड लागला! अलीझानं रंगवला. अलीझा म्हणजे आपाची पोरगी, अकरावी सायन्स झाली, तीन क्लास लावते आणि मला मामू म्हणत असली तरी वागवते भाच्यासारखं. बोर्डावर लिहिलं आहे: "तरंग क्लासेस. लातूर पॅटर्न पोहणे. हमखास वर राहाल." शेवटची ओळ माझी.

सात पोरं आली. पाठीवर भोपळा बांधायचा, कमरेला नाडा, मी वर नाडा धरणार. चार दिवसांत पाच जणं भोपळा सोडून हात मारायला लागले. शिकवण्यात एवढं काय अवघड असतं, लोक उगाच डिग्री घेतात.

२८ एप्रिल

आज भुजंग आला.

आपाच्या मागच्या घरात भाड्यानं राहतो. एकोणीस वर्षांचा, उंच, अंगावर मांस म्हणून नाही, सगळा ज्वारीच्या ताटासारखा. बोलतो इतकं हळू की ऐकायला वाकावं लागतं, आणि तीन शब्द झाले की थांबतो.

"सर, मी नेव्हीत... लागलो. जुलैला जायचंय... ओरिसाला."

मला सर म्हटलेलं आवडलं म्हणून मी जरा ताठ बसलो. नेव्ही! ज्या गावात टँकर हेच सगळ्यांत मोठं जहाज, तिथला पोरगा नेव्हीत! मी त्याला जहाजांबद्दल लई विचारलं. त्यानं एकही बघितलेलं नाही.

गाव किल्लारीकडचं. भूकंपात घरचं कुणी उरलं नाही, मामानं वाढवलं. मामानं गावात पेढे वाटले, मामीनं शेजारणींना पोरगा जहाजावर चालला म्हणून सांगितलं. आणि याला कुणीतरी सांगितलं आहे की तिथं पहिल्याच महिन्यात पाण्यात टाकतात, जो वर राहत नाही त्याला घरी पाठवतात.

"खरं आहे का रे?"

"म्हाईत न्हाई सर. पर परत आलो तर... मामाच्या दारात... कसा हुबा राहू?"

मी छातीवर हात मारून सांगितलं, बोर्डावर काय लिहिलंय वाच.

मग पाण्यात उतरवला. भोपळ्यावर चांगला राहिला. भोपळा सोडला तर पहार सोडल्यासारखा खाली. हातपाय मारलेच नाहीत, नुसता उभाच्या उभा गेला. नाडा ओढून वर काढला. पुन्हा सोडला, पुन्हा तसाच. नागुबाई वरून बघत होती. म्हणाली, "ह्येला काय दगूड खाऊ घातलाय?"

४ मे

बाकीची पोरं आता उड्या मारतात. भुजंग रोज बुडतो आणि रोज येतो. मी त्याला पाण्यावर पडून दाखवतो, हात डोक्याखाली घेऊन. तो विचारतो, "तुम्ही काय करता, सर?" मी काहीच करत नाही हेच तर दाखवून राहिलो. काहीच न करणं शिकवायचं कसं?

अलीझाला विचारलं. तिनं कपाळावर हात मारला आणि अंगणातल्या हौदाकडं नेलं. खिळा टाकला, बुडाला. मग आपाची बिर्याणीची लोखंडी कढई टाकली. कढई डुलत राहिली.

"कढई खिळ्याच्या किती पट जड आहे मामू? मग ती का नाही बुडली?"

"मोठी आहे म्हणून."

"हां. नुसतं वजन नाही बघायचं. तेवढ्याच जागेतल्या पाण्यापेक्षा ती चीज जड आहे की हलकी, ते बघायचं. कढई पोटात हवा घेऊन बसली आहे, लई जागा अडवते. त्या जागेतलं पाणी बाजूला सारावं लागतं, तेच पाणी तिला वर रेटतं. खिळा बिचारा जागाच अडवत नाही."

"आणि माणूस?"

"माणूस पाण्याच्या जवळजवळ बरोबर असतो. हाडं जड, चरबी हलकी. तूप बघा, वरणावर तरंगतं."

पुढचं मी ऐकलं नाही. ती काहीतरी अजून सांगत होती, पण मला तूप ऐकू आलं आणि मी आपाकडं पळालो.

१५ मे

दहा दिवस भुजंग आपाच्या हातचं जेवतो आहे. सकाळी मलिदा, दुपारी तूप घातलेली खिचडी. आपा पहिल्या दिवशी चिडली, दुसऱ्या दिवसापासून दारात उभी राहून त्याची वाट बघते. "खा बेटा, तेरे में तो कुछ हैच नहीं." माझ्या ताटाकडं कुणी बघत नाही.

जिलानीभाई म्हणाले, "अरे वो नेवी में जा रहा के कुस्ती में?"

आज पाण्यात सोडला. बुडाला. मात्र आधीपेक्षा जरा हळू बुडाला असं मला वाटलं. नागुबाईला तसं वाटलं नाही.

ती बांधावर बसून बी निवडत होती. पाटीतल्या पाण्यात ज्वारीचं बी टाकायचं, हात फिरवायचा. वर आलेलं गोळा करून कोंबड्यांना फेकत होती.

"वर आलं ते पोचट," ती म्हणाली. "आत कायच न्हाई त्याच्या. तळाला बसलं ते पेरायचं."

भुजंग हसला. पहिल्यांदा हसताना बघितला. "मंजी मी... पेरायचा, मावशी."

"तू पेरायचाच हाईस लेकरा. ह्यो तुझा सर बघ पोचट, दिसभर वर तरंगतंय."

सगळी पोरं हसली, मीही हसलो. रात्रीचं जेवण गेलं नाही. आपा हेच म्हणते, फक्त बी न वापरता.

२२ मे

आज जे झालं ते लिहू की नको.

अलीझा काल अंडं घेऊन बसली होती. साध्या पाण्यात अंडं तळाला, मीठ विरघळवत गेलं की वर. मिठाचं पाणी जड, म्हणून जोरात रेटतं. तिथंच माझ्या डोक्यात दिवा लागला. अंडं बदलत नाही तर पाणी बदला! समुद्र तरी काय, मिठाचंच पाणी. पोराला शेवटी त्यातच जायचं आहे.

दुपारी जिलानीभाईंच्या सायकलवर खडेमिठाचं पोतं घातलं आणि नागुबाई बाजारात असताना विहिरीत ओतलं. काठीनं ढवळायचा प्रयत्न करत होतो. विहीर ढवळली जात नाही.

नागुबाई टोपलं घेऊन आली. रिकामं पोतं बघितलं, पाणी चाखलं, माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता तंगडं जातं. ती थोबाडीत मारून गेली असती तर बरं झालं असतं. ती खाली बसली आणि म्हणाली, "बरं केलंस. मेथीला मीठ घालूनच ठिवलंस. आता नुसती चुलीवर टाकायची."

मग उठली आणि म्हणाली, "उद्यापासनं येऊ नगं."

घरी अलीझाला सांगितलं. ती आधी ओरडली, मग कागदावर काहीतरी मांडलं आणि हसत सुटली. म्हणे विहीर समुद्राएवढी खारट करायची तर मिठाचे ट्रक लावावे लागतील मामू, एका पोत्यानं मेथीला कळणारसुद्धा नाही.

मेथीला नाही कळणार. मला कळलं ना.

३ जून

मध्ये लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं.

आज मी जायला निघालो होतो. हैदराबादला. पिशवी भरली, आपा झोपली होती, स्टँडवर आलो. गाडी लागली होती. बाजूला एक आंबेवाला बादलीत आंबे सोडत होता, काही तळाला जात होते, काही तिरके होऊन मध्येच अडकत होते, काही वर. मी उकिडवा बसलो. हा का बुडाला, तो का वर राहिला, त्याला विचारत बसलो. त्याला काही माहीत नव्हतं, तो नुसता धूळ धुवत होता. मी दोन्ही हातांनी आंबे दाबून बघत होतो, तेवढ्यात कुणीतरी मागून हात लावला.

भुजंग. स्टँडवर मामाला सोडायला आला होता.

"सर, उद्या येऊ ना? मावशी म्हनल्या... सरला घिऊन ये. नाडा... त्यालाच धरता येतो."

मी वळून बघितलं तर गाडी गेली होती.

८ जून

पुन्हा विहिरीवर. मेथीच्या वाफ्यातून जाताना नागुबाई म्हणाली, "बघून चाल, सागरराजा." आता सगळी पोरं मला तेच म्हणतात.

दुपारी भुजंग आणि मी बांधावर आंबे खात बसलो. मी त्याला विचारलं, तू असा तुटक का बोलतोस, शाळेत मार पडायचा का? तो म्हणाला, दम पुरत नाही. त्र्याण्णव साली तो बारा वर्षांचा होता. त्या रात्री गणपती बुडवून सगळे घरी आले आणि थकून झोपले. मातीचा गणपती होता, लगेच विरघळला. मग पहाटे घर बसलं. दगडमातीची भिंत होती, ती याच्या छातीवर. मोठा श्वास घेतला की वरून माती सरकायची. आई शेजारीच होती, दिसत नव्हती, बोलत होती. "बारीक घे, बाळा. बारीक बारीक घे." दिवस वर आल्यावर सैनिकांनी याला काढलं. तोवर आईचं बोलणं थांबलं होतं.

मी त्याच्या हातात दुसरा आंबा दिला. तो आंबा मात्र वाईट निघाला, आत कोयीपाशी काळा. देगलूरला आमच्याकडं गोटी आंबा मिळतो, छोटा, नुसता चोखायचा, त्याची सर याला नाही. त्यातले बुडतात की तरंगतात ते कधी बघितलं नाही. बघायला पाहिजे.

नाडा ठेवायला गेलो तेव्हा नागुबाईला भुजंगाची गोष्ट सांगितली. तिचा विळा थांबला. मग ती विहिरीच्या काठाशी जाऊन पायऱ्या बघून आली.

११ जून

सापडलं!

दुकानात बसलो होतो. जिलानीभाईंनी पंक्चर बघायला सायकलची ट्यूब दिली. ट्यूब फुगवून पाण्यात दाबायची, बुडबुडे निघाले की छिद्र. मी गप्पा मारता मारता न फुगवताच घातली. गेली खाली, मेलेल्या सापासारखी.

"आधी हवा तर भर येड्या, मग पंक्चर शोध!"

पंपानं भरली आणि दाबली तर हातातून उसळून वर आली, तोंडावर पाणी. तीच ट्यूब. वजन तेच, हवेचं म्हणावं तर किंचित जास्तच. पण आता ती जागा अडवत होती.

मी तसाच ओल्या तोंडानं अलीझाच्या क्लासबाहेर जाऊन उभा राहिलो. सुटल्यावर विचारलं, माणसाची छाती म्हणजे ट्यूब का? ती म्हणाली, "मामू, त्या दिवशी तूप ऐकून तुम्ही पळालात, त्याच्या पुढचं वाक्य हेच होतं."

भुजंगमध्ये हवाच कमी आहे! एवढं साधं. उद्या बघतो.

१२ जून

सगळं नीट लिहून ठेवतो, कारण पुढं क्लास मोठा झाला तर ही पद्धत कामाला येईल.

बाकीच्या पोरांना वर बसवलं. भोपळा काढला, नाडा एका मोठ्या पोराच्या हातात दिला, मी स्वतः पाण्यात उतरलो आणि भुजंगाला उताणा करून पाठीखाली हात धरला. म्हटलं, भर छाती.

"भरली सर."

"ही? हा तर फुलाचा वास घेतल्यासारखा घेतलास. भर!"

"एवढीच... बसती."

मी हात जरासा काढला की जायचा खाली. चिडलो. ट्यूबचं सांगितलं, कढईचं सांगितलं, समोर छाती फुगवून दाखवली. तो प्रयत्न करायचा आणि मध्येच कुठंतरी अडायचा, दारात कुणी उभं असल्यासारखा. डोळे घट्ट मिटलेले.

तेवढ्यात नागुबाई पायऱ्या उतरून खाली आली. भिंतीला धरून धरून. तिला मी कधी विहिरीत उतरताना बघितलं नव्हतं. शेवटच्या पायरीवर बसली, पाय पाण्यात, लुगडं भिजलं तरी तसंच. भुजंगाच्या कपाळावर हात ठेवला.

"लेकरा, डोळं उघड. वर काय हाय, सांग मला."

त्यानं उघडले. "काय न्हाई."

"नीट बघ की."

"आभाळ हाय."

"ते काय अंगावर पडतंय व्हय?"

"न्हाई."

"मग? आईनं सांगितलं तेवढं तू केलंस. लई वरसं केलंस. आता झालं. घे बाबा, मोठा घे."

 मग त्यानं श्वास घेतला. आत जाताना तो थरथरला, मला हाताला कळलं. अर्ध्यावर अडला, आणि मग अडलेला पुढं गेला, जातच राहिला. बरगड्या उघडल्या. माझ्या तळहातावरचं ओझं कमी झालं, आणखी कमी झालं, आणि मग ओझंच नव्हतं. मी हात काढून घेतला. छाती पाण्याच्या वर, तोंड वर, पाय जरा खाली लोंबत होते पण भुजंग वर होता.

वर पोरांनी बोंब ठोकली. मी "सोडू नको, धरून ठेव!" असं ओरडत होतो. त्यानं सोडला, जरा खाली गेला, पुन्हा घेतला, पुन्हा वर आला. बराच वेळ तो तसा पडून होता. डोळ्यांतून पाणी येत होतं. मला वाटतं माझं मीठ अजून विहिरीत आहे, ते झोंबलं असेल. नागुबाईचेही डोळे लाल झाले होते, तिनं तर त्या पाण्यानं तोंडसुद्धा धुतलं नव्हतं.

थोडक्यात, ट्यूबची पद्धत बरोबर निघाली. फक्त सांगताना आभाळ वगैरे काहीतरी म्हणावं, पोरांना सोपं जातं.

घरी आल्यावर आपानं बिर्याणी केली. कढई हौदातून काढून.

२५ जून

भुजंग आता हात मारत विहिरीच्या पाच-सहा फेऱ्या करतो. क्लासला नवी चौदा पोरं आली, दोन पोरी. अलीझाही येते, म्हणते अभ्यासाचा भाग आहे. नागुबाईनं बाजेवर बसून हजेरी घ्यायला सुरुवात केली आहे, नावं तिच्या मनाची.

२ जुलै, नांदेड

भुजंगाला सिकंदराबादच्या गाडीत बसवायला आलो, तिथून पुढं ओरिसाची गाडी. आपानं डबा दिला, त्यात निम्मं तूप. निघताना नागुबाईनं नाडा माझ्या खांद्यावर टाकला. "नांदेडला मोठी नदी हाय. बिगर नाड्याचं लेकरू पान्यात घालू नगं. आन माघारी आनून दे मला, हरवू नगंस." मी म्हटलं, मावशी, तो नेव्हीत चालला आहे! ती म्हणाली, "गाडीत बसंपर्यंत माझ्याच हिरीतला हाय."

गाडीला वेळ होता, म्हणून घाटावर गेलो. नाणी काढणारी माणसं अजून तिथंच होती, पण आज त्यांच्याकडं बघायचं सुचलं नाही. भुजंग म्हणाला, एकदा वाहत्या पाण्यात पडून बघू का सर? मी काठाला पायऱ्यांजवळ त्याला नाडा बांधला. आंघोळ करणारे हसले, एवढा बाप्या आणि म्हशीसारखा बांधला. तो पाठीवर पडला. गढूळ पाणी, वर ढग. छाती वर आली, खाली गेली, वर आली. मीही नाड्याचं टोक हाताला गुंडाळून शेजारी पडलो. मला वाटायचं मी एकटाच असा पडू शकतो. दोघांनी पडण्यात वेगळीच मजा आहे.

माझं तसं ठरलं होतं की त्याच्याबरोबर गाडीत बसायचं, सिकंदराबादला उतरायचं, पुढं काहीतरी बघायचं. पण बघतो तर पिशवीच आणली नव्हती, आपाकडं खुंटीला राहिली. आणि नाडा परत करायचा आहे. दुसऱ्याची चीज घेऊन कसं जाणार. संध्याकाळच्या एसटीनं लातूर गाठतो, उद्या सकाळी पोरं येऊन उभी राहतील.

हे स्टँडवर बसून लिहितो आहे. मघाशी गाडी हलली तेव्हा भुजंग दारात उभा होता. मी हात केला. त्यानं पूर्ण श्वास घेतला, मला लांबून दिसला, शर्ट ताणला गेला, आणि तो ओरडला, "सर! मावशीला सांगा, पोरगं पान्यावर हाय! माझ्या मामालाबी सांगा!" सगळं एका दमात. फलाटावरची सगळी माणसं वळून बघायला लागली, चहावाल्याच्या हातातला पेला हलला.

एवढा आवाज इतकी वर्षं त्यानं कुठं ठेवला होता कुणास ठाऊक.